शाळेचा गोटा

दिवाळीच्या सुट्टीत माणसं महाबळेश्वरला जातात, गणपतीपुळ्याला जातात. मी भंडाऱ्याला गेले. सांगलीच्या आमच्या शाळेत हे जाहीर केलं, तेव्हा गणिताच्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "तिकडं कुणाचं लग्न आहे का?" लग्न नव्हतं, वनिता होती. एम.एस्सी.ला आम्ही एका खोलीत राहिलो, एका स्टोव्हवर खिचडी करपवली आणि पुढं दोघीही रसायनशास्त्र शिकवायला लागलो. ती तिच्या मुलखात, मी माझ्या. फोनवर ती सारखी सांगायची, "सुलू, माझा वर्ग तलावावर भरते, एकदा येऊन पाहा." मला वाटायचं, बढाया मारतेय. म्हटलं, जाऊन बघूच.

भंडारा

उतरल्या उतरल्या तिनं मला पितळेच्या दुकानांत नेलं. घरी नाही, चहाला नाही, दुकानांत! रस्त्याच्या कडेला पितळेचे गुंड एकावर एक रचलेले. गुंड म्हणजे आपल्याकडची कळशी, फक्त पोट जरा मोठं. दिवाळी झाली की या भागात गावोगावी मंडई भरते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, जत्रा म्हणा. लेकी माहेरी येतात, जावई येतात, नात्यागोत्यातले सगळे पाहुणे येतात, आणि येणाऱ्या पाहुण्याला घरातलं पितळ चकचकीत दिसलंच पाहिजे, असा दंडक.

मी एक गुंड उचलून टिचकी मारली, उजेडात फिरवला, आणि सवयीनं विचारलं, "यात जस्ताचं प्रमाण किती?"

दुकानदारानं मला नीट न्याहाळलं. "बाई, तुमाले पाणी भराचं आहे का परीक्षा घ्याची आहे?"

वनिता हसून हसून खुर्चीवर बसली. मी गुंड घेतला. न घेऊन करते काय, एवढी शोभा झाल्यावर!

गाव

गावाचं नाव लिहीत नाही. "नाव छापलंस तं पुढल्या वेळी उपाशी ठेवीन," असं वनितानं बजावलंय. साकोलीच्या अलीकडं हमरस्ता सोडून आत गेलं की लागतं, एवढं पुरे. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे आपली भातखाचरं, काही कापलेल्या, काही अजून पिवळ्याधमक उभ्या. कापलेल्या धानाचे पुंजणे गोल रचून ठेवलेले. आमच्याकडं या दिवसांत जिकडंतिकडं ऊस, त्यामुळं क्षितिज दिसतच नाही. इथं पार लांबपर्यंत नजर जाते आणि मग जंगलाची निळी रेघ लागते. मला फार बरं वाटलं, उगीच खोटं कशाला बोलू.

गावाच्या वरच्या अंगाला तलाव. त्याच्या मातीच्या बांधाला पाळ म्हणतात. पाळीवर मोहाची झाडं, आणि पाळीला अगदी चिकटून, उंचवट्यावर शाळा. तलावाचा निम्मा भाग शिंगाड्याच्या वेलांनी हिरवा झालेला, त्यात लाकडाचा एक डोंगा हळूहळू सरकत होता. डोंगा म्हणजे अरुंद होडी. त्यात ओणवी होऊन एक बाई वेल उलटे करून शिंगाडे खुडत होती.

वनिताच्या घरी जेवायला वडाभात होता. डाळींचे खरपूस वडे गरम भातावर कुस्करायचे आणि वरून लसूण-मिरचीची कडकडीत फोडणी. मी तीन वेळा घेतला. मग तासाभरानं विचारलं, "भाकरी कधी करतेस?" ती म्हणाली, "तू गेल्यावर." पुढचे सगळे दिवस मी सकाळ-संध्याकाळ भात खाल्ला आणि, आमच्या घरच्यांनी हे वाचू नये, मला भाकरीची आठवण आली नाही.

जेवण झाल्यावर ती मुद्द्यावर आली. "मी तुले फुकट नाही बोलावलं सुलू. मंडईच्या दुसऱ्या दिवशी पालकांची सभा आहे. तलावावरचा तास चालू ठेवायचा का बंद करायचा, ते तिथं ठरणार आहे."

तक्रार डोमाजींची. डोमाजी म्हणजे शाळेच्या समितीचे अध्यक्ष, धानाचे मोठे शेतकरी. त्यांची मुलगी प्रणाली वनिताच्याच बारावीच्या वर्गात. त्यांचं म्हणणं एकच: तलाव काही बोर्डाच्या पेपरात येत नाही. पोरांनी प्रयोगशाळेत उभं राहून परीक्षेचे प्रयोग करावेत, पाळीवर फिरू नये.

"आणि बंद झाला तर?" मी विचारलं.

"तं मी पुस्तक वाचून दाखवीन. शाश्वत विकासाच्या व्याख्या फळ्यावर लिहून देईन, पोट्टे पाठ करतील, गुण घेतील." ती ताटं उचलायला लागली. "मले असं शिकवता येत नाही गं. आता नाही येत."

मी तिला सोळा-सतरा वर्षांच्या पोरांसमोर, विद्यापीठातल्या बड्या प्राध्यापकांसमोर, कुठंही घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दुपारी पाहिलं.

पाळीवर

सुट्टी असली तरी बारावीचे जादा तास चालू होते. सकाळी वर्ग पाळीवर गोळा झाला. मुलांच्या हातात काय, तर गोळ्या संपलेल्या औषधांच्या पट्ट्या! पट्टीच्या एकेका खळग्यात तलावाच्या एकेका बाजूचं पाणी थेंबभर, त्यावर हळदीच्या पाण्याचा थेंब, शेजारच्या खळग्यात जास्वंदीच्या रंगाचा. साबणाचा अंश असला की हळद लाल होते. आमच्याकडं एका प्रयोगाला पेलाभर द्रावण लागतं, इथं चार थेंबांत काम.

"नासाडी नाही, फुटायची भीती नाही," वनिता म्हणाली. मी मान डोलावली, पण मनात आलं, यात मजा काय? प्रयोगशाळेत कसं धूर निघाला पाहिजे, रंग उसळले पाहिजेत.

हा विचार चालू असतानाच पाय घसरला आणि मी पाळीवरून थेट चिखलात बसले. साडीसकट, पर्ससकट. पोरं हसू दाबून दाबून लाल झाली. तलावातल्या डोंग्यातून मात्र कुणीतरी मोकळेपणी हसलं. कालचीच शिंगाडेवाली बाई. तिनं डोंगा काठाला लावला.

"अवो बाई, लागलं तं नाही? या इकडे, लुगडं धुऊन देतो मी."

इकडं बायाही 'देतो', 'येतो' असंच म्हणतात. ही गिरजाबाई. ढिवराच्या घरातली, या तलावात मासे आणि शिंगाडे करणारी. तिनं मला पाळीच्या पलीकडं, तलावाचं जादा पाणी बाहेर पडतं त्या सांडव्याच्या खाली नेलं. तिथं धुण्याचे दगड ओळीनं मांडलेले. या भागात दगडाला गोटा म्हणतात. तिनं माझा पदर गोट्यावर घेऊन चोळता चोळता कथा सांगितली.

हे सगळे गोटे आधी तलावाच्या घाटावर होते. वनिताच्या वर्गानं हळद घालून घालून दाखवलं, की साबणाचं पाणी शिंगाड्यात जातंय. मुलं म्हणाली, गोटे सांडव्याखाली हलवा, म्हणजे ते पाणी तलावात जाणार नाही.

"मी गंज भांडली," गिरजाबाई म्हणाली. गंज म्हणजे पुष्कळ. "हा गोटा माह्या सासूच्या सासूचा आहे जी. कालची पोट्टी येऊन सांगून राहिली, हालवा म्हणून! काहून हालवू? पंधरा दिवस मॅडमशी बोलली नाही मी."

"मग?"

"मंग पोट्ट्यायनं पुन्हा फेस दाखवला. हळद लाल झालेली दाखवली. डोळ्यानं दिसते तं नाही कसं म्हणाचं? बैलगाडी आणली, चौघांनी उचलला." तिनं पदर पिळून माझ्या हातात दिला. "आता इथं उतरा लागते, पाय दुखतात. पण शिंगाडा साजरा झाला." साजरा म्हणजे छान.

परतताना वनिताच्या बोलण्यातली बढाई कुठं दिसेना. मला जरा हेवाच वाटला, दुसरं काय.

प्रयोगशाळेत

हेवा वाटला की मी काहीतरी दाखवायला जाते, हा माझा स्वभाव. दुपारी मी म्हटलं, "पोरांनो, थेंबथेंब पुरे. आता तुम्हाला सांगलीचा प्रयोग दाखवते." लेड नायट्रेट आणि पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण एकत्र केलं की पिवळाधमक साका होतो. तो उकळत्या पाण्यात विरघळवायचा आणि थंड होऊ द्यायचा. मग त्यात सोन्याचे कण तरंगत खाली उतरायला लागतात, पाऊस पडावा तसे. कितीही वेळा बघा, जीव हरखतो. मुलं टेबलावर वाकून बघत होती. "बाप्पा!" कुणीतरी म्हणालं. मी अगदी कृतार्थ झाले.

आणि मग जे मी रोज करते, आपण सगळे रसायनशास्त्राचे मास्तर रोज करतो, तेच केलं. चंचुपात्र सिंकमध्ये उपडं केलं आणि नळ सोडला.

पहिल्या बाकावरून डोमाजींची प्रणाली म्हणाली, "मॅडम, हे पाणी कोठी जाते?"

"गटारात," मी म्हटलं.

"आमच्या गावात गटार नाही जी."

वनितानं माझ्याकडं पाहिलं, मी सिंककडं पाहिलं. मग आम्ही सगळे बाहेर पडलो आणि प्रयोगशाळेच्या मागं गेलो. भिंतीतून एक पाइप निघाला होता. बेशरमीच्या दाट झुडपातून तो पाळीत शिरत होता. मुलांनी झुडूप बाजूला केलं आणि आम्ही पाळ चढून पलीकडं वाकलो. पाइपाचं तोंड तलावात उघडलेलं. त्याच्या खालच्या दगडावर माझे सोन्याचे कण चमकत होते, आणि हातभर अंतरावर शिंगाड्याचे वेल.

प्रयोगशाळा नवी बांधली तेव्हा मागं शोषखड्डा झालाय, असं वनिताला सांगितलं होतं. तिनं ते खरं मानलं आणि पुन्हा पाहिलं नाही. शिसं, बेरियम, क्रोमियम, अमोनिया ओळखायच्या द्रावणातला पारा, सगळं थोडं थोडं या पाइपानं गेलेलं. प्रमाण फार नसेल, पण शिसं काही विरून नाहीसं होत नाही, हे आम्ही दोघी फळ्यावर लिहून देणाऱ्या बाया!

घरी आल्यावर मी म्हटलं, "हे बघ वनिता, सभा होऊ दे. तास वाचू दे. मग गुपचूप पाइप बुजवून टाक."

"अन् तोपर्यंत गिरजाबाई त्या कोपऱ्यातले शिंगाडे मंडईत विकन. लेकरं खातील." तिनं चपला घातल्या. "चाल माह्यासंगं."

गिरजाबाई अंगणात पितळेचा गुंड चिंचेनं घासत होती. वनितानं काही आडपडदा न ठेवता सांगितलं: शाळेच्या प्रयोगाचं पाणी तलावात जातंय, त्यात विषारी पदार्थ असतात, शाळेच्या कोपऱ्यातल्या शिंगाड्यांत ते उतरलेत की नाही हे मला माहीत नाही, मोजायचं साधन माझ्याकडं नाही. तपासून येईपर्यंत ते विकू नका.

गिरजाबाईचा हात थांबला. मी तिच्या शिव्यांची वाट बघत होते, खरं सांगते, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती उठली, पडवीतली एक टोपली ओढून मागं ठेवली. "त्या कोपऱ्यातलेच सगळ्यात गोड निंगतात," एवढंच म्हणाली आणि आत गेली. चहाही विचारला नाही. या भागात दारात आलेल्याला चहा न विचारणं म्हणजे केवढी गोष्ट, हे मला तोवर कळलं होतं.

मंडई

दुसऱ्या दिवशी मंडई भरली. दुपारपासून गाव माणसांनी फुललेलं. मैदानात दंडार चालली होती, ढोलकीवर नाच, गाणी, सोंगं. पुरुषच बाईचं सोंग घेऊन असे लचकत होते की शेजारची म्हातारी पदर तोंडात कोंबून हसत होती. जिलबीच्या कढया, बांगड्यांची दुकानं, नव्या जावयांचे कडक इस्त्रीचे शर्ट. आमच्याकडच्या जत्रेत देव मधोमध असतो आणि माणसं भोवती. इथं मला पाहुणेच मधोमध दिसले. ओळख ना पाळख, मला तीन घरांनी ओढून नेऊन चिवडा-लाडू खाऊ घातला.

मी खाल्लं. वनितानं काही खाल्लं नाही. गिरजाबाई उकडलेले काळे शिंगाडे मांडून बसली होती. वनिता म्हणाली, एरवीपेक्षा ढीग लहान आहे. आमच्याकडं तिनं मान वर करून पाहिलं नाही.

सभा

सभा मोहाखाली भरली, सतरंज्या टाकून. पुढं पुरुष, मागं बायका, कडेला मुलं. डोमाजी उभे राहिले. आवाज चढवणारा माणूस नव्हे, चांगला समजूतदार गृहस्थ. म्हणाले, "मॅडम मेहनती आहेत, आमाले मान्य आहे. पण बोर्डात तलावाचे गुण भेटत नाहीत. आमच्या पोरायनं शिकून पुढं जावं, एवढंच आमचं म्हणणं."

वनिता उभी राहिली. तिनं तासाची बाजू मांडायचं भाषण तयार केलं होतं, मी ऐकलं होतं, छान होतं. त्यातला एक शब्द ती बोलली नाही. तिनं पाइपाचं सांगितलं. सगळं, सिंकपासून शिंगाड्यापर्यंत. मी बसल्या जागी कानकोंडी झाले, कारण तो पिवळा साका तिनं स्वतःच्या अंगावर घेतला, पाहुणीचं नाव काढलं नाही. मग मला राहवेना. उठून म्हटलं, "ते मी ओतलं होतं." कुणी लक्ष दिलं नाही, कारण तोवर गलका झाला होता.

"वा! आमच्या बायायचे गोटे हालवले, अन् तुमचं घाण पाणी तलावात?"

"दुसऱ्याले शिकवाचं फक्त!"

डोमाजींनी हात वर करून गलका थांबवला. "मंग आता काय राहिलं? तास बंद करा. हात जोडतो."

प्रणाली वडिलांकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं, कारण प्रश्न तिनंच विचारला होता. तेवढ्यात मागून आवाज आला.

"बंद कायले?"

गिरजाबाई उभी होती. पदर खोचलेला.

"हे मॅडम माह्या घरी आली, मंडईच्या आधी. कोणाले समजलं असतं का? नसतं समजलं. मले राग आला, अजून आहे. पण माह्या गोट्याचा फेस डोमाजी, तुमी दाखवला होता का मले? पोट्ट्यायनं दाखवला. आता शाळेची घाण कोणी दाखवली? तुमच्याच पोरीनं. तास बंद केला तं पुढं कोण दाखवन?" ती वनिताकडं वळली. "मॅडम, आमी आमचा गोटा हालवला. तुमचा गोटा कवा हालवता, ते सांगा."

मग बायकांच्या बाजूनं हशा उठला, चांगला खणखणीत, आणि तो पुढं पुरुषांत आला. डोमाजी आधी गंभीर राहायचा प्रयत्न करत होते, पण लेकीकडं पाहिलं आणि तेही हसले.

"उद्या," वनिता म्हणाली. "उद्या सकाळी हालवतो."

"मी पाहाले येतो," गिरजाबाई म्हणाली. "पाहिल्याबिगर मानत नाही मी."

उद्या

खरंच आली. डोमाजींनी गवंडी पाठवला होता. पाइप उखडला, सिंकचं भोक सिमेंटनं बुजवलं. परीक्षेचे प्रयोग आता होतील तितके पट्ट्यांवर थेंबांनी होणार, आणि उरलेलं सगळं झाकणाच्या पिंपात जाणार, असं मुलांनीच ठरवलं. पिंप भरल्यावर त्याचं काय करायचं, हा पुढच्या आठवड्याचा तास. पाण्याचे आणि शिंगाड्यांचे नमुने भंडाऱ्याला तपासायला पाठवले. निकाल येईपर्यंत शाळेचा कोपरा मोकळा राहणार, ही गिरजाबाईची अट आणि तिचंच नुकसान.

ती सिमेंटवर बोट दाबून बघत होती. "वाळू द्या नीट," ती गवंड्याला म्हणाली. मग वनिताकडं वळून, जणू मधल्या दिवसांत काही झालंच नव्हतं अशा सुरात, "घरी या दोघी. चहा ठेवतो."

वनितानं तोंड फिरवलं. रडत होती, दुसरं काय! मीही थोडी रडले. आणि मग आम्ही दोघी दोन-दोन कप चहा प्यायलो. निघताना गिरजाबाईनं सांडव्याकडच्या, लांबच्या बाजूच्या शिंगाड्यांनी माझा पितळेचा गुंड काठोकाठ भरून दिला. जस्ताचं प्रमाण मी अजून मोजलेलं नाही.

सांगली

सुट्टी संपली. शाळेच्या पहिल्या दिवशी मी प्रयोगशाळेत न जाता प्रयोगशाळेच्या मागं गेले. गणिताच्या बाई खिडकीतून बघत होत्या, त्यांना वाटलं माझी कानातली हरवली. पाइप सापडला. भिंतीच्या कडेनं, कंपाऊंडच्या खालून, माळ्याच्या खोलीमागून मी त्याच्यामागं चालत गेले, आणि तो जिथं संपला तिथंच उभी राहून वनिताला फोन लावला.

"वनिता, माझा गोटा सापडला गं. ओढ्याच्या काठावर आहे. ओढा पुढं कृष्णेला मिळतो."

पलीकडं मुलांचा गलबला ऐकू येत होता. ती पाळीवर होती.

"मंग हालव," ती म्हणाली. "पण एकटी नको हालवू. आधी पोट्ट्यायले घेऊन जा, त्यायले दाखव."

मी फोन ठेवला आणि बारावीच्या वर्गात गेले. पोरं पुस्तकं उघडून बसली होती. म्हटलं, पुस्तकं मिटा, चपला घाला.